बाळाच्या पोटाची घडी

जुलाब लागलेल्या बाळाच्या अंगातलं पाणी किती गेलंय, हे कातडी सांगते. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध अंगठा आणि तर्जनीने कातडीची घडी उचला. उभी, आडवी नको. नखं लावू नका. नर्स म्हणून नवखी असताना मी लावली होती, बाळाच्या आईने माझा हातच झटकला! क्षणभर धरून सोडा. लगेच सपाट झाली तर बरं. 2 सेकंदांहून जास्त उभी राहिली तर ओआरएस पाजत थेट दवाखाना गाठा. कुपोषित बाळाची घडी एरवीही रेंगाळते, गुटगुटीत बाळाची फसवून चटकन बसते. म्हणून डोळे खोल गेलेत का, तेही बघा. आजीच्या हातावर मात्र ही परीक्षा नको. वयाने कातडीला लवचीक ठेवणारं इलास्टिन झिजतं, घडी तशीच राहते. मी छातीच्या हाडावर बघते.