अतिरेक्याला फाशी असावी का? मत ठरवायच्या आधी हे एवढं तपासा

कुठेही हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर मेसेज ठरलेला असतो, भर चौकात फाशी द्या. राग खरा असतो, त्याबद्दल कुणाला बोल लावायचं कारण नाही, मुंबईने तर १९९३ पासून हे किती वेळा सोसलंय. पण फाशी असावी की नसावी यावर नीट बोलायचं असेल तर त्या रागाच्या पुढे जाऊन थोडी मेहनत घ्यावी लागते, ती कशी घ्यायची ते इथे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, लपवण्यासारखं काही नाही: मला अतिरेक्यांसाठीसुद्धा फाशीऐवजी मरेपर्यंत जन्मठेप, कसलीही सूट नसलेली, हीच शिक्षा बरोबर वाटते. तुम्ही वाचून उलट मतावर आलात तरी चालेल, फक्त खालच्या गोष्टी बघून या.

पहिलं काम म्हणजे दोन प्रश्न वेगळे करा. यानेच केलं का हा एक, आणि केलं असेल तर त्याला मारायचं का हा दुसरा. वादात हे दोन्ही नेहमी एकत्र कालवले जातात. कोर्ट तसं करत नाही, २६/११ च्या मुंबई हल्ल्यात पकडलेल्या कसाबला ३ मे २०१० ला दोषी ठरवलं आणि शिक्षेवर वेगळा युक्तिवाद ऐकून ६ मे ला फाशी सुनावली. १९८० च्या बच्चन सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, तीही दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्ये, आणि गुन्हा किती भयंकर आहे हे बघायचं तसंच गुन्हेगाराची परिस्थिती, तो सुधारेल का हेही बघायचं. त्या घटनापीठात न्यायमूर्ती भगवती एकटे विरोधात होते, त्यांचं म्हणणं होतं की कुणाला फाशी होते हे कुठलं बेंच मिळालं यावर अवलंबून राहतं. दोन्ही बाजू डोक्यात ठेवा.

दुसरं काम जरा जड जाईल. कसाबला बाजूला ठेवा.

हे का म्हणतोय ते सांगतो. कसाबच्या केसमध्ये पुरावा असा होता की शंकेला जागाच नव्हती, सीएसटीवर रायफल घेऊन फिरताना त्याचे फोटो निघाले होते, त्याला बघितलेले साक्षीदार कोर्टात आले, गिरगाव चौपाटीला तो जिवंत सापडला आणि त्यासाठी तुकाराम ओंबळेंनी अंगावर गोळ्या झेलल्या, शिवाय पाकिस्तानातून फोनवर सूचना देणाऱ्यांचे आवाज रेकॉर्ड झालेले. १६६ माणसं गेली. हायकोर्टाने २०११ ला, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१२ ला फाशी कायम केली, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात ती दिली गेली. त्याच्यासाठी माझ्या डोळ्यात पाणी आलं नाही. पण असा पुरावा असलेला बॉम्बहल्ल्याचा खटला मला दुसरा दाखवा. बॉम्ब ठेवणारा निघून गेलेला असतो, स्फोट नंतर होतो, फोटो नसतात, मग पोलिस माणसं उचलतात आणि केस उभी राहते. फाशीचा कायदा त्या सगळ्या केसेसना लागतो. आणि कसाबच्या त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपीही होते, त्यांनी रेकी करून नकाशे पुरवले असा आरोप होता, ते खालच्या कोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत तिन्ही ठिकाणी निर्दोष सुटले. २००८ च्या त्या वातावरणात ग्रुपवर मतदान घेतलं असतं तर त्यांचं काय झालं असतं याचा विचार करा.

आता तिसरं काम, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथेच वेळ घालवा. ज्या केसबद्दल बोलताय तिच्यात पुरावा कशाचा आहे ते शोधा. निकालपत्रात आधी बघायचं की कबुलीजबाब कुणासमोर दिलाय. साध्या चोरीच्या केसमध्येसुद्धा पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, कारण ती कशी काढली जाते हे सगळ्यांना माहीत आहे. पण टाडा, पोटा या दहशतवादविरोधी कायद्यांत आणि संघटित गुन्हेगारीसाठीच्या आपल्या मोक्कामध्ये एसपी किंवा डीसीपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते. टाडा-पोटा रद्द झाले, आता दहशतवादाला लागणाऱ्या यूएपीए कायद्यात ही सोय नाही, मोक्का मात्र आहे आणि बॉम्बस्फोटाच्या केसेसमध्ये तो लावला गेलाय. म्हणजे शिक्षा सगळ्यात कडक आणि पुराव्याचा नियम सगळ्यात ढिला, हे दोन्ही एकाच ठिकाणी. माझा फाशीला विरोध मुख्यतः इथून येतो.

११ जुलै २००६ ची केस घ्या, लोकलमधले ७ स्फोट, १८० च्या वर माणसं गेली, पश्चिम रेल्वेने जाणाऱ्याला ती संध्याकाळ विसरता येणार नाही. २०१५ ला मोक्का कोर्टाने ५ जणांना फाशी आणि ७ जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष सोडलं, म्हणाले की कबुलीजबाब विश्वास ठेवण्यासारखे नाहीत, ओळख परेड ज्या अधिकाऱ्याने घेतली त्याला तो अधिकारच नव्हता, आणि बॉम्ब कुठल्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टाने हा निकाल इतर केसेसमध्ये दाखला म्हणून वापरू नये असं म्हटलं पण सुटलेल्यांना परत आत टाकलं नाही. फाशी सुनावलेल्या त्या ५ पैकी एकजण २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता, त्याला हा निकाल ऐकायला मिळाला नाही. आणि ज्यांची माणसं गेली त्यांना १९ वर्षांनी सुद्धा स्फोट कुणी केले ते कळलेलं नाही. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की खरा माणूस बाहेर असतो, हे फाशी मागणाऱ्याने आधी बघायला पाहिजे.

ही एकच केस नाही. अक्षरधाम हल्ल्यात तिघांना फाशी सुनावली, गुजरात हायकोर्टाने कायम केली, आणि १६ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सहाही आरोपी निर्दोष सोडले. पुण्याच्या जर्मन बेकरी केसमध्ये २०१३ ला फाशी सुनावलेल्या आरोपीला २०१६ ला हायकोर्टाने स्फोटाच्या कटातून मोकळं केलं, स्फोटकं बाळगल्याची जन्मठेप तेवढी राहिली. राजीव गांधी हत्येत टाडा कोर्टाने २६ जणांना फाशी सुनावली होती, सगळ्यांना, सुप्रीम कोर्टात त्यातली ४ उरली आणि पुढे त्याही जन्मठेपेत बदलल्या. म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल आला की लगेच पेढे वाटू नका, हायकोर्टाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय फाशी लागूच होत नाही, तोपर्यंत थांबा.

मग समोरच्याचा मुद्दा ऐका, आणि त्यातला सगळ्यात मजबूत असेल तोच घ्या. जरब बसते हा मुद्दा फिदायीनला लागू होत नाही, जो मरायलाच आलाय त्याला मरणाची काय भीती, पण पैसे पुरवणारा, घर देणारा, गाडी देणारा इथला माणूस मरायला आलेला नसतो, त्याला जरब बसू शकते असं कुणी म्हणालं तर ते उडवून लावू नका. कंदाहारचा मुद्दा तर हमखास येतो: १९९९ ला विमान पळवून मसूद अजहरला सोडवून नेलं, जिवंत ठेवलं की हे असं होतं. वजनदार मुद्दा आहे. पण अजहर १९९४ पासून आपल्या तुरुंगात होता आणि त्याला फाशीच काय, शिक्षाही झालेली नव्हती, म्हणजे तिथे खटला वेळेत न चालणं हा रोग होता. आणि सगळ्यात खरा मुद्दा हा की काही कृत्यांना दुसरी शिक्षा पुरतच नाही. यावर माझ्याकडे बिनतोड उत्तर नाही. मी एवढंच विचारतो की ती शिक्षा मिळते कुणाला? १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसं गेली, दाऊद आणि टायगर मेमन आजही हाताला लागलेले नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये दहा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, त्यात प्रत्यक्ष बॉम्ब ठेवणारे होते, आणि ३० जुलै २०१५ ला नागपूरला फाशी झाली ती एका टायगरच्या भावाला, याकूब मेमनला. कोर्टाची कारणं वाचा, तो कटाच्या सूत्रधारांपैकी होता असं त्यांनी म्हटलंय, मग तुम्हाला ते पटतं का बघा.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षं, हे वाक्य कुणी टाकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. १४ वर्षांनंतर सरकार सूट देऊ शकतं, द्यावीच लागते असं नाही, आणि २००८ च्या श्रद्धानंद निकालापासून कोर्ट स्वतःच सांगू शकतं की या माणसाला सूट नाही, २०१५ ला घटनापीठानेही ते मान्य केलं.

अजून एक बाजू फारशी कुणी बघत नाही, ती म्हणजे परदेशातून माणूस आणायचा असेल तर फाशी आडवी येते. १९९३ च्या स्फोटांतल्या अबू सालेमला पोर्तुगालहून २००५ ला आणलं ते फाशी देणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त ठेवणार नाही असं लिहून देऊन. २६/११ साठी मुंबईची रेकी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला तो फाशी आणि भारतात पाठवणी टाळण्यासाठी, तो जिवंत राहिला म्हणून २०१६ ला मुंबईच्या कोर्टात व्हिडिओवरून साक्ष देऊन २६/११ मागे कोण होतं ते बोलला. मेलेला माणूस साक्ष देत नाही.

उशिराचा मुद्दा थोडक्यात: दयेचा अर्ज वर्षानुवर्षं लटकला तर फाशी रद्द होऊ शकते, आणि जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाप्रमाणे हे अतिरेक्यालाही लागू आहे. घरच्यांना आधी कळवणं, भेट होऊ देणं हेही त्यात आहे.

वाद घालताना दोन पथ्यं पाळा. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याच्यासमोर ही आकडेवारी काढू नका, त्यांनी फाशी मागितली तर ऐकून घ्या, तो त्यांचा हक्क आहे. आणि ऐकीव गोष्टी पुढे ढकलू नका, कसाबला तुरुंगात बिर्याणी मिळते हे देशभर पसरलं होतं आणि २०१५ मध्ये सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच सांगितलं की त्याने बिर्याणी मागितली नव्हती, ते आपण रचलं होतं.

निकालपत्रं सुप्रीम कोर्टाच्या आणि मुंबई हायकोर्टाच्या साइटवर फुकट मिळतात, सुप्रीम कोर्टाचे काही निकाल मराठीतही आहेत. सुरुवात कसाबच्या निकालातल्या शिक्षेच्या भागापासून करा, मग २०२५ चा लोकल स्फोटांचा निकाल घ्या. तो ६०० पानांच्या वर आहे, सगळा नाही जमला तर कबुलीजबाबांचा भाग तरी वाचा, आणि ज्याच्याशी वाद चाललाय त्यालाही तोच भाग पाठवा.