एज्ड केअरमधून स्वतःच्या घरी: ऑस्ट्रेलियात पासष्टीच्या आतल्या अपंग माणसाला बाहेर पडायला मदत कशी करावी

चाळिशीतल्या माणसाला स्ट्रोक येतो. दोन-तीन महिन्यांनी हॉस्पिटल म्हणतं, आता बेड रिकामा करा. घरी व्हीलचेअर बाथरूमच्या दारातून आत जात नाही, बायकोची नोकरी सुटणार नाही, मुलं शाळेत. मग ‘तूर्तास’ म्हणून त्याला वृद्धांच्या एज्ड केअरमध्ये ठेवलं जातं. आजूबाजूला सगळे ऐंशी-पंच्याऐंशीचे. संध्याकाळी साडेपाचला जेवण, सातला दिवे बंद. हे ‘तूर्तास’ बघता बघता पाच-सात वर्षांचं होतं.

ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये पासष्टीच्या आतली अशी पाच हजारांहून जास्त माणसं एज्ड केअरमध्ये होती. मेंदूला इजा, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि हंटिंग्टन्ससारखे मेंदू-मज्जासंस्थेचे आजार, लवकर आलेला स्मृतिभ्रंश अशी कारणं, आणि रस्ता बहुतेकांचा एकच: हॉस्पिटलमधून थेट तिकडे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, एज्ड केअरवरच्या अंतरिम अहवालात हा ओघ थांबवायला बजावलं. सरकारने मग १ जानेवारी २०२२ पासून पासष्टीच्या आतलं कोणी नव्याने आत जाऊ नये आणि १ जानेवारी २०२५ पर्यंत आत कोणी राहू नये, असं उद्दिष्ट ठेवलं, अपवाद सोडून. संख्या पुष्कळ कमी झाली, शून्य झाली नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात आत जाण्याचं किमान वय ६५ आहे. पन्नाशीपुढचे आदिवासी व टोरेस स्ट्रेट बेटवासी आणि पन्नाशीपुढचे बेघर किंवा बेघर होण्याच्या बेतात असलेले लोक एवढाच अपवाद. आधीपासून आत असलेल्यांना कोणी हाकलत नाही. बाहेर काढायलाही कोणी आपणहून येईलच असं नाही. कुटुंबातल्या कोणाला तरी पदर खोचावा लागतो.

बहुतेक कुटुंबं सुरुवात घर शोधण्यापासून करतात आणि तिथेच अडकतात. घर आवडतं, पण पैसे मंजूर नसतात. पैसे मिळेपर्यंत घर जातं. घर ही नंतरची पायरी आहे.

पहिली पायरी: त्याला विचारा

ऐकायला सोपं, करायला सर्वांत अवघड. वर्षानुवर्षं आत राहिलेल्या माणसाला बाहेर काय शक्य आहे हेच माहीत नसतं. ‘कुठे राहायचंय?’ विचारलं तर तो ‘इथे ठीक आहे’ म्हणतो, आणि नातेवाईक म्हणतात, बघा, त्यालाच जायचं नाही. त्याला आधी एखादं सुगम घर प्रत्यक्ष दाखवा, तिथे राहणाऱ्या कोणाशी बोलणं करून द्या. मग लहान प्रश्न विचारा: सकाळी किती वाजता उठायला आवडेल? जेवण कोणी करावं, काय असावं? कुत्रा हवा का? रात्री घरात कोणी असलेलं बरं वाटेल की नको? कोणापासून दूर राहायला आवडणार नाही?

बोलता येत नसेल तर स्पीच पॅथॉलॉजिस्टकडून (वाचा-उपचारतज्ज्ञाकडून) चित्रफलक किंवा टॅबलेट बसवून घ्या. आपल्याकडे ‘त्याला काय कळतंय, आम्हीच बघतो’ म्हणायची सवय असते. पुढे पैशांसाठीच्या अर्जात ही सवय महाग पडते, कारण तिथे त्याचं स्वतःचं म्हणणं लागतं. निर्णय घेण्याची क्षमता खरोखरच नसेल तर राज्याच्या न्यायाधिकरणाकडून कायदेशीर पालक, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती, नेमता येतो (व्हिक्टोरियात व्हीकॅट, न्यू साउथ वेल्समध्ये एनकॅट, क्वीन्सलँडमध्ये क्यूकॅट), पण तो शेवटचा उपाय. आणि सगळं बघून-समजून तो ‘मला इथेच राहायचंय’ म्हणाला, तर तोही त्याचा हक्क.

दुसरी पायरी: पैशाचं दार कुठलं ते बघा

बाहेरच्या आयुष्याचा खर्च मुख्यतः एनडीआयएस, म्हणजे राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना उचलते. अर्ज करताना वय ६५ च्या आत हवं, आणि व्यक्ती ऑस्ट्रेलियन नागरिक, कायम रहिवासी किंवा संरक्षित विशेष श्रेणीचा व्हिसाधारक (हा काही न्यूझीलंड नागरिकांचा व्हिसा) हवी. विद्यार्थी किंवा तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांना हे दार बंद आहे. मराठी घरांत हा मुद्दा उशिरा लक्षात येतो, म्हणून आधीच सांगते.

माणूस चौसष्टचा असेल तर हातातलं बाकी सगळं ठेवा आणि अर्ज करा. योजनेत आलेला माणूस पासष्टीनंतरही योजनेत राहू शकतो. मात्र पासष्टी ओलांडल्यावर पहिल्यांदाच कायमचा एज्ड केअरमध्ये गेला तर योजनेतून बाहेर पडतो.

इजा रस्ता अपघातातली असेल तर आधी तिकडे चौकशी करा. व्हिक्टोरियात टीएसी, न्यू साउथ वेल्समध्ये आयकेअरची लाइफटाइम केअर, या रस्ता अपघातातल्या जखमींसाठीच्या सरकारी योजना आहेत. तिथे पात्र ठरलात तर खर्च त्या बाजूने येतो. घरभाड्यासाठी सेंटरलिंकची (सरकारी भत्ते देणाऱ्या खात्याची) अपंगत्व पेन्शन लागते; तिला साधारणपणे १० वर्षांच्या वास्तव्याची अट आहे, पण अपंगत्व ऑस्ट्रेलियाचे रहिवासी असताना आलं असेल तर ती लागत नाही.

तिसरी पायरी: माणसं जमवा

एनडीआयएसला १८०० ८०० ११० वर फोन करून सांगा की ही व्यक्ती पासष्टीच्या आतली असून एज्ड केअरमध्ये आहे. अशा लोकांचं नियोजन बघणारे वेगळे अधिकारी असतात. मराठी दुभाष्या हवा असेल तर टीआयएस या सरकारी दुभाषी सेवेचा क्रमांक १३१ ४५० आहे.

एनडीआयएस त्याच्यासाठी जो वैयक्तिक आराखडा बनवते, त्यात सपोर्ट कोऑर्डिनेटरचे, म्हणजे सगळ्या सेवांची जुळवाजुळव करणाऱ्याचे, पैसे मागा, शक्यतो ‘स्पेशालिस्ट’ दर्जाचा. नेमण्याआधी एक प्रश्न सरळ विचारा: तुमची कंपनी घरं किंवा मदतनीसही पुरवते का? पुरवत असेल तर तो तुम्हाला कुठल्या घराकडे वळवेल हे सांगायला नको. याशिवाय अपंगांच्या घरांच्या कामाचा अनुभव असलेला ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या कामांतली मदतीची गरज तपासणारा तज्ज्ञ) हवा. अपंगांची बाजू मोफत मांडणारा अ‍ॅडव्होकेट डिसॅबिलिटी गेटवे या माहितीसेवेवरून (१८०० ६४३ ७८७) शोधता येतो. मेलबर्नची समर फाउंडेशन २००६ पासून आणि क्वीन्सलँडची यंगकेअर २००५ पासून याच प्रश्नावर काम करतात. त्यांची माहितीपत्रकं वाचून काढा.

चौथी पायरी: पुरावा

अर्ज इथे तरतो किंवा बुडतो. निदानाची फाइल कितीही जाड असली तरी निर्णय घेणाऱ्याला तिच्यातून माणसाचा दिवस दिसत नाही. थेरपिस्टच्या अहवालात असं वाक्य असतं: ‘डाव्या बाजूला अर्धांगवायू, सर्व दैनंदिन कामांत मदत आवश्यक.’ याच्यावर कोणी काय मंजूर करणार?

त्याऐवजी असं हवं: ‘रात्री तीनदा कूस बदलावी लागते. उजव्या हाताने बेल दाबता येते, पण ती उशीपासून वीतभर सरकली तर हात पोहोचत नाही. बेल वाजल्यावर कोणी येईपर्यंत बरेचदा अर्धा तास जातो. गेल्या हिवाळ्यात टाचेवर दाबाची जखम झाली होती.’ या चार वाक्यांतून मोठा हिशेब निघतो. रात्रीचा मदतनीस घरात झोपून असला तर चालेल, की तो रात्रभर जागा हवा? एनडीआयएसच्या दरपत्रकात झोपून असलेल्या मदतनीसाकडून रात्रीत जास्तीत जास्त २ तास काम धरलेलं आहे. तीनदा कूस, एकदा लघवी, एकदा खोकला साफ करणं, याची बेरीज दोन तासांवर जाते की नाही, ते मोजून दाखवा.

म्हणून किमान दोन आठवडे वही ठेवा. वेळ, काय झालं, किती माणसं लागली, किती मिनिटं, मदत उशिरा आली तर काय झालं. एज्ड केअरकडून नर्सिंगच्या नोंदी, पडल्याच्या घटना आणि औषधांची यादी लेखी मागा. चांगला दिवस आणि वाईट दिवस दोन्ही लिहा. आपली माणसं थेरपिस्टसमोर चांगलं दिसायला बघतात, ‘मी करतो ना’ म्हणतात, आणि मग तेच कागदावर उतरतं. जे पूर्वी जमायचं आणि आत राहून सुटलं, उदाहरणार्थ एका हाताने चहा करणं, तेही येऊ द्या. कारण बाहेर गेल्यावर काय परत येऊ शकेल हाही अर्जाचाच भाग आहे.

पाचवी पायरी: काय मागायचं

पर्याय मोजके आहेत, पण त्यांत गोंधळ होतो, कारण छप्पर आणि मदत यांचे पैसे वेगवेगळे येतात. एसडीए म्हणजे खास बांधलेलं घर. ते फक्त अतिशय गंभीर मर्यादा किंवा खूप जास्त मदतीची गरज असलेल्यांना मिळतं. एसआयएल म्हणजे घरात रोज, बहुतेकदा चोवीस तास, लागणाऱ्या मदतनीसांचे पैसे. आयएलओमध्ये स्वतःच्या पसंतीची व्यवस्था लावता येते, जसं सोबतीला राहणारा घरजोडीदार. स्वतःचं घर असेल तर बाथरूम, रॅम्प, दारं यांच्या फेरबदलासाठी पैसे मिळू शकतात. आणि घर मंजूर झालंय पण तयार नाही, अशा वेळी मध्यम मुदतीचं निवासस्थान मिळतं, साधारण ९० दिवसांपर्यंत.

लग्न झालेल्यांसाठी एक गोष्ट: एसडीएमध्ये बायको किंवा नवरा आणि मुलं सोबत राहू शकतात. हे न विचारल्यामुळे कित्येक जण एकट्याच्या घराला होकार देऊन बसतात.

नकार आला, किंवा तिघा-चौघांच्या सामायिक घराचे पैसे मिळाले आणि ते पटत नसेल, तर ३ महिन्यांच्या आत अंतर्गत पुनर्विचार मागा. तिथेही नाही जमलं तर निकाल मिळाल्यापासून २८ दिवसांत अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल या सरकारी निर्णयांवर दाद मागण्याच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. पहिल्या नकाराने खचू नका, तो बरेचदा पुरावा पातळ असल्याचा असतो.

सहावी पायरी: आता घर

मंजुरीपत्रात घराचा प्रकार, रचनेचा दर्जा आणि परिसर लिहिलेला असतो. हाउसिंग हब या संकेतस्थळावर त्यानुसार शोधा. सर्वांत जास्त शारीरिक मदत लागणाऱ्यांच्या दर्जात छताला हॉइस्ट (माणसाला उचलून हलवणारं यंत्र) बसवायची सोय आणि वीज गेली तर किमान २ तासांची पर्यायी वीज असावी लागते. व्हेंटिलेटर किंवा हवेची गादी वापरणाऱ्याने हे स्वतः तपासावं. भाडं म्हणून अपंगत्व पेन्शनच्या मूळ रकमेचे २५ टक्के, पेन्शन सप्लिमेंटचे २५ टक्के आणि मिळणारा पूर्ण भाडेभत्ता द्यावा लागतो. कोणी याहून जास्त मागितलं तर कशाबद्दल ते विचारा.

घरमालक आणि मदत पुरवणारी कंपनी शक्यतो वेगवेगळ्या असाव्यात. एकच असली तर मदतनीसांबद्दल तक्रार करताना डोक्यावरच्या छपराची भीती वाटते. सामायिक घर असेल तर बाकीच्या रहिवाशांना जेवायच्या वेळी जाऊन भेटा, दुपारी रिकाम्या घरात नव्हे. देवाची पूजा, शाकाहारी स्वयंपाकाची वेगळी भांडी, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ, हे सगळं आधीच बोलून घ्या.

सातवी पायरी: हलण्याची तयारी

बेतलेल्या व्हीलचेअरला मंजुरीपासून हातात पडेपर्यंत महिने जातात, म्हणून ती आधी मागवा. बाहेरचा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, ठरवा. एज्ड केअरमध्ये येणारा डॉक्टर तुमच्या घरी येईलच असं नाही. औषधांचे वेबस्टर पॅक (दिवस-वेळेप्रमाणे गोळ्या लावलेली पाकिटं) कोणती फार्मसी करणार, गिळण्याचा त्रास असेल तर जेवणाची लेखी योजना कुठे आहे, हे पक्कं करा. नव्या मदतनीसांना घर हलण्याआधी एज्ड केअरमध्येच बोलवा. हॉइस्टमध्ये बसवताना पट्टा कुठे खुपतो हे कागदावर कळत नाही.

आणि सामान! सहा वर्षं आत राहिलेल्या माणसाकडे स्वतःचा चमचाही नसतो. एनडीआयएस साध्या फर्निचरचे पैसे देत नाही. पलंगपोस, कुकर, पडदे हे कुटुंबाने किंवा मंडळातल्या लोकांनी जमवायचं. ही मदत लोक आनंदाने करतात. संकोच न करता मागा.

गेल्यानंतर

पहिले काही आठवडे तो रात्री घाबरू शकतो. शांतता नवी असते, आतल्या एखाद्या आजीची आठवण येते. तिला भेटायला न्या. वही चालूच ठेवा, कारण मंजूर तास आणि खरी गरज यांतला फरक याच काळात उघडा पडतो आणि एनडीआयएसच्या आराखड्याचा फेरविचार मागायला तोच कागद लागतो. मदतनीस येत नसतील, ओरडत असतील, पैसे न केलेल्या कामाचे लावत असतील, तर आधी कंपनीला लेखी कळवा, मग एनडीआयएस गुणवत्ता व सुरक्षा आयोगाला १८०० ०३५ ५४४ वर. कोऑर्डिनेटर न पटल्यास बदला. कराराची नोटीस किती दिवसांची आहे ते सही करतानाच बघून ठेवलेलं बरं.