लंडनमध्ये पाऊस लागला तर साउथ केन्सिंग्टन गाठा

पावसात लंडन पाहायचं तर निम्मा वेळ आडोसा शोधण्यात आणि पैसे कॅफेत जातात. त्याऐवजी साउथ केन्सिंग्टन भागातली तीन संग्रहालयं जवळजवळ न भिजता पाहता येतात: नॅचरल हिस्टरी म्युझियम (निसर्गविज्ञान), सायन्स म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (कला आणि डिझाइन).

१. नॅचरल हिस्टरी म्युझियमचं वेळेचं मोफत तिकीट आदल्या रात्रीच ऑनलाइन काढा. पावसात सगळे तिकडेच धावतात आणि बिनातिकिटाची रांग उघड्यावर असते.

२. भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट, सर्कल किंवा पिकाडिली लाइनने साउथ केन्सिंग्टन स्टेशनला उतरा. वर रस्त्यावर न येता संग्रहालयांच्या पाट्या पाहत पादचारी भुयारात शिरा. १८८५ मधलं हे भुयार तिन्ही संग्रहालयांपाशी नेतं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये तर भुयारातूनच थेट आत जाता येतं.

३. शुक्रवार असेल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट शेवटी ठेवा; ते रात्री १० पर्यंत उघडं असतं. बाकीची दोन संध्याकाळी ६ च्या सुमारास बंद होतात. सायन्स म्युझियम मुलं बरोबर असतील तरच घ्या, नाहीतर एका दिवसात तिन्ही दमवतात.

कायमची दालनं मोफत आहेत, खास प्रदर्शनांना मात्र बहुधा वेगळं तिकीट लागतं.

जपा: व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचं भुयारातलं दार संग्रहालयाच्या आधी बंद होऊ शकतं. रात्री क्रॉमवेल रोड या रस्त्यावरच्या दारातून निघावं लागेल, म्हणून छत्री हॉटेलवर ठेवू नका.