रविवारच्या वर्गासाठी स्वतः गाणी बांधताना

आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू समाजातल्या, मुलांना धर्म शिकवायला नवे शिक्षक येतात, तेव्हा मोबाईलवर इस्रायलची आणि अमेरिकेची तयार गाणी शोधून ठेवूनच येतात. ती जरूर वापरा. पण ठाण्यात रविवारचा वर्ग घेताना माझं मत पक्कं होत गेलं आहे की काही गाणी आपणच बांधायला हवीत. नव्या वर्षाच्या तयार गाण्यातलं सफरचंद आणि मध मुलांना तोंडपाठ होतं, आणि घरी मलिद्याच्या, म्हणजे गोड पोहे आणि फळांच्या, ताटापुढे बसलं की कुठल्या फळावर कोणती बेराखा (देवाच्या स्तुतीचं छोटं वचन) म्हणायची ते मात्र सांगता येत नाही.

बेराखांचंच उदाहरण घेते. खाण्यापिण्याआधीच्या बेराखा सहा: पावाची, धान्याच्या इतर पदार्थांची, द्राक्षरसाची, झाडाच्या फळाची, जमिनीतल्या पिकाची आणि बाकी सगळ्याची. फळ्यावर तक्ता काढला की मुलं जांभया देतात. म्हणून मी सवाल-जवाब बांधला:

आंबा कुणाचा? झाडाचा, झाडाचा!
केळं कुणाचं? जमिनीचं, जमिनीचं!

‘झाडाचा’ म्हटलं की सगळ्यांनी ‘बोरे पेरी हाएत्स’ (झाडाचं फळ निर्माण करणारा) म्हणायचं, ‘जमिनीचं’ म्हटलं की ‘बोरे पेरी हाअदामा’ (जमिनीचं फळ निर्माण करणारा). केळ्यापाशी वर्गात हमखास भांडण होतं. केळीचं झाड नसतं का? मग अलिबागकडे ज्यांची वाडी आहे अशी मुलं सांगतात, की घड उतरवला की ती केळ तोडतात, पुढचा घड नव्या पिलाला येतो. बुंधा वर्षानुवर्षं टिकत नाही, म्हणून केळं जमिनीचं. अननसही त्याच ओळीत. असं भांडण होऊन कळलेला नियम मूल विसरत नाही, म्हणून अडवणारं एक तरी उदाहरण गाण्यात मुद्दाम ठेवा. आणि एका गाण्यात एकच गोष्ट शिकवा. सणाची कथा, विधी आणि प्रार्थना एकाच गाण्यात कोंबली तर मुलांच्या हाती फक्त चाल उरते.

नवीन माणसाचं लक्ष सहसा जात नाही ती बाब म्हणजे जोर. हिब्रूत बहुतेक शब्दांचा जोर शेवटी येतो. ‘अदामा’त तो ‘मा’वर, ‘तोरा’त (आपला धर्मग्रंथ) ‘रा’वर. आपल्या बडबडगीतांच्या ठेक्यात टाळी शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर पडते, आणि तसं बसलेलं ‘अदामा’ बार मित्स्वापर्यंत, म्हणजे तेराव्या वर्षीच्या धर्मविधीपर्यंत, तसंच राहतं. चाल लावण्याआधी ओळ नुसती टाळ्या वाजवत म्हणून पाहा. टाळी भलत्या अक्षरावर पडली तर ओळीत एखादा मराठी शब्द मागेपुढे करा, हिब्रू शब्द मोडू नका.

चालीसाठी चालू सिनेमाचं गाणं घेऊ नये असं मला वाटतं. मुलं दुसऱ्या कडव्यात मूळ शब्दांवर घसरतात. ओवीची, पाळण्याची लय घ्या. ही आपली जुनीच वाट आहे. 1880 च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएल मंडळींनी तोरातल्या कथांवर मराठीत कीर्तनं सुरू केली, साकी-दिंडीसारख्या लोकांच्या ओळखीच्या चालींत. बायकांनी वह्यांत उतरवून ठेवलेली गाणी कितीतरी घरांत आहेत. आधी आपल्या आजीला विचारा. चाल पाच-सहा सुरांत राहू द्या, आणि पट्टी मुलांची धरा, आपली नव्हे.

पेटी-गिटार वर्गात चालेल, पण शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनास्थळात, वाद्य वाजवत नाहीत, आणि पेसाहनंतर (वल्हांडणाचा सण) ओमेरच्या, म्हणजे दिवस मोजण्याच्या सात आठवड्यांच्या, दिवसांत पुष्कळ घरी वाद्यसंगीत टाळतात. म्हणून गाणं पहिल्यापासून नुसत्या आवाजावर उभं राहिलं पाहिजे.

हातवारे असलेलं गाणं असेल तर आणखी एक काळजी घ्या. हनुक्काला, आपल्या दिव्यांच्या सणाला, रोज एक वाढवत मेणबत्त्या उजवीकडून लावत जातात आणि पेटवताना सर्वांत नवी, म्हणजे डावीकडची, आधी पेटवतात. शिक्षक मुलांकडे तोंड करून हे दाखवतो तेव्हा मुलांना सगळं उलटं दिसतं. मी अशा गाण्याला मुलांकडे पाठ करून उभी राहते.

गाणं वर्गात नेण्याआधी हजानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) किंवा जाणत्या वडीलधाऱ्यांना म्हणून दाखवा. आपल्याकडचा उच्चार आणि इस्रायलचा आजचा उच्चार यात फरक आहे, वर्गात कुठला धरायचा ते त्यांच्याशी बोलून ठरवा आणि मग वर्षभर तोच ठेवा. आणि कागदाचं सांभाळा. देवाचं नाव लिहिलेला कागद रद्दीत जाऊ शकत नाही, तो गेनिझासाठी, म्हणजे असे जुने कागद जपून ठेवण्याच्या जागेसाठी, सिनेगॉगमध्ये द्यावा लागतो. मुलांच्या दप्तरात कागदांचं काय होतं ते आपण जाणतोच. मी गाण्याच्या कागदावर बेराखेचे फक्त शेवटचे शब्द छापते. पूर्ण बेराखा मुलं सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) उघडून म्हणतात.