कडता

आमच्या बायबल वाचनाच्या गटात नव्याने येणारी पोरं पहिलं हेच विचारतात, "अण्णा, सुरुवात कुठनं करू?" उत्पत्तीपासून, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून करू नका, एवढं मी ठाम सांगतो. दोन-तीन आठवडे हुरूप टिकतो, मग निर्गम या दुसऱ्या पुस्तकात देवाच्या तंबूच्या, म्हणजे निवासमंडपाच्या पडद्यांची मापं येतात आणि बायबल परत कपाटावर जातं. मार्कनं लिहिलेलं येशूचं चरित्र धरा. सोळाच अध्याय आहेत, आणि येशू त्यात एका जागी बसतच नाही.

मी पाळक नाही. बेळगावच्या बाजारात एका अडत दुकानात दिवाणजी आहे, शेतकऱ्यांच्या मालाच्या वजनाच्या आणि हिशेबाच्या पट्ट्या लिहितो. दर गुरुवारी रात्री वडगावातल्या एका घरी आमचा गट बसतो, त्याला आता अठरा वर्षं झाली. गटात यंत्रमागावरचे दोघे, एक गवंडीमामा, दवाखान्यात नर्स असलेली एक ताई, भिशी चालवणाऱ्या वहिनी, आणि खानापूरकडून लेकीकडे राहायला आलेल्या एक काकू आहेत. काकूंची थोडी शेती अजून गावाकडं आहे.

पहिली काही वर्षं मी गट चालवला तो अगदी पुस्तकी. उतारा वाचायचा, त्याचा आध्यात्मिक अर्थ सांगायचा, प्रार्थना, चहा, घर. द्राक्षमळा म्हणजे देवाचं राज्य, मालक म्हणजे देव, मजूर म्हणजे आपण. सगळं बरोबरच होतं म्हणा. फक्त शुक्रवारी सकाळी त्यातलं काही उरायचं नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय चालला होता, येशूनं सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट. मळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी पाच वाजता. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार ठेवतो. दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. मी कृपेवर बोलत होतो. पाच वाजता आलेले म्हणजे आयुष्यभर आळसात काढून शेवटी पश्चात्ताप करणारे, असं काहीतरी माझं चाललं होतं. गवंडीमामा मध्येच म्हणाले, "आळशी कशानं ओ? आळशी माणूस दहा वाजताच घरी जाऊन झोपतोय. पाचपर्यंत नाक्यावर कोण थांबतंय? ज्याला रिकाम्या हातानं घरी जायला तोंड नाही, तो."

मी खाली पाहिलं. सातव्या वचनात तेच लिहिलेलं आहे. मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. मी हा उतारा लहानपणापासून ऐकत आलोय, रविवारच्या शाळेत पाठसुद्धा केला होता. ते वाक्य मला दिसलं नव्हतं, कारण मी कधी नाक्यावर उभा राहिलेलो नाही.

त्या दिवसापासून आमची पद्धत बदलली, आणि नव्या माणसाला मी तीच सांगतो. उतारा उघडला की "यातून मला काय शिकायला मिळतं" हा प्रश्न आधी घेऊ नका. आधी बघा, इथं काम काय चाललंय. जाळं धुतायत, पीठ मळतायत, कर वसूल करतायत, आजाऱ्याला खाटेसकट उचलून आणतायत. पैसे कोण देतंय, ओझं कोण वाहतंय? मग ते काम करणारा आपल्या ओळखीचा माणूस शोधा आणि उतारा त्याला वाचायला द्या. चर्चमधलाच पाहिजे असं नाही. येशूनं सांगितलेली बी पेरणाऱ्याची गोष्ट, आम्ही तिला दाखला म्हणतो, मी एकदा दुकानातल्या हमालाला वाचून दाखवली. तो वारकरी, माळ घातलेला. त्यानं पहिलं विचारलं, "वाटेवर बी सांडस्तोवर हा बघत कुठं होता?" त्या एका प्रश्नावर आमचा पुढचा अख्खा गुरुवार गेला.

भाषेचं थोडं सांगतो, कारण आमच्या सीमाभागात हा घोळ प्रत्येक घरात आहे. घरात मराठी, उपासना कधी मराठी कधी कन्नड, पोरांची शाळा कन्नड नाहीतर इंग्रजी. लंडन मिशनचे इंग्रज धर्मप्रचारक बेळगावात १८२० मध्ये आले, १९०४ मध्ये ते काम मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या मिशनकडे गेलं, १९५६ मध्ये जिल्हाच म्हैसूर राज्यात गेला. आजोबांच्या मराठी बायबलशेजारी नातवाचं कन्नड बायबल असतं ते असं. मी याला अडचण समजायचो. आता मुद्दाम दोन्ही वाचून घेतो. रूथच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, रूथ नावाच्या गरीब विधवेनं परक्या शेतात 'सरवा' वेचल्याची गोष्ट मराठीत आहे. शहरात वाढलेल्या पोरांना सरवा माहीत नव्हता. काकूंनी सांगितलं, कापणी झाल्यावर रानात पडून राहिलेली कणसं. बैलहोंगलकडची सून लगेच म्हणाली, "कन्नडात हक्कलु म्हणतो की ओ आम्ही ह्याला!" काकूंनी लहानपणी दुसऱ्याच्या रानात भुईमुगाचा सरवा वेचलाय. कुठल्या शेतात मालक वेचू द्यायचा आणि कुठं कुत्रं सोडायचा, ते त्यांना अजून नावानिशी आठवतं. त्या शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम टाकायला सांगतो, त्याची किंमत त्या संध्याकाळी आम्हाला कळली. लेवीय या नियमांच्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात, शेताचा कोपरा सोडून कापण्याचा नियम आहे, तोही मग लगोलग वाचला.

आता माझ्या स्वतःच्या काट्याची गोष्ट. ही सांगायला मला जड जातं.

आमच्याकडं पश्चिम भागातली रताळी येतात. महाशिवरात्रीच्या आधी तर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. रताळ्याला माती असते, शिवाय पोत्याचं वजन, म्हणून वजनातनं कडता कापायचा. पोत्यामागं दोन किलो. हे मी नोकरीला लागायच्या आधीपासून चालत आलेलं. पट्टीवर कडत्याचा रकाना नसायचा. काट्यावरचा आकडा वाचायचा, मनातल्या मनात दोन वजा करायचे आणि उरलेला लिहायचा. माझा हात इतका बसला होता की वजाबाकी करतोय हेही जाणवायचं नाही.

गटात आमोस संदेष्ट्याचं पुस्तक चालू होतं, आठवा अध्याय. व्यापारी विचारतायत, चंद्रदर्शनाचा सण कधी सरेल म्हणजे धान्य विकता येईल, शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा वार, कधी संपेल म्हणजे गव्हाची कोठारं उघडता येतील. मग ते एफा लहान करणार आणि शेकेल मोठा करणार. एफा म्हणजे आपल्या पायलीसारखं धान्याचं माप, शेकेल म्हणजे गिऱ्हाइकाची चांदी तोलायचं वजन. द्यायचं माप लहान, घ्यायचं वजन मोठं. हे मी फळ्यावर काढून समजावत होतो, जरा रंगातच आलो होतो. काकू म्हणाल्या, "म्हणजे कडता."

त्यांना मी कुठं काम करतो ते माहीत होतं. टोमणा नव्हता तो, त्यांना फक्त अर्थ लागला होता. मी खडू ठेवला आणि प्रार्थना लवकर उरकली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद व्हायच्या वेळेला एक पोतं उलटं केलं. हमालाला सोबत घेऊन रताळी एकेक गोणपाटानं पुसली, खाली पडलेली माती सुपात गोळा केली. बारदान, म्हणजे रिकामं पोतं, वजनाला नऊशे ग्रॅम भरलं, माती चारशे. दोन किलोंतले सातशे ग्रॅम कुणाचे? त्या दिवशी एका शेतकऱ्याची साठ पोती आली होती. बेचाळीस किलो.

इथं नव्या लोकांना एक इशारा देतो. वचन लागू पडलं की माणूस उठून दुसऱ्याला दुरुस्त करायला धावतो. मीही मालकांना आमोस वाचून दाखवायच्या बेतात होतो. नर्सताईंनी अडवलं. "तुमच्या हातात काय आहे तेवढंच करा," म्हणाल्या. माझ्या हातात पेन होतं. मी पट्टीवर कडत्याचा वेगळा रकाना पाडला आणि आकडा लिहायला लागलो. एकूण वजन, कडता, निव्वळ वजन. बस्स.

आठवड्याभरात बोलावणं आलं. मालक चिडले नाहीत, त्याहून वाईट म्हणजे हसले. "दिवाणजी, एवढी वर्षं रकाना नव्हता तर काय पट्टी चुकत होती?" मी म्हटलं, होय. नोकरी गेली नाही. शेतकरी रकान्यावर बोट ठेवून विचारायला लागले, हळूहळू कडता दीड किलोवर आला. तेराशे ग्रॅमवर अजून आलेला नाही. शेजारच्या दुकानांत काय चालतं ते मी विचारत नाही, आणि आधीच्या वर्षांच्या पट्ट्यांचं काय करायचं तेही मला उमगलेलं नाही. लोकांना लुबाडलेलं चौपट परत देईन म्हणणाऱ्या बायबलमधल्या जक्कय या जकातदारासारखं चौपट परत करायचं म्हटलं तर माझं खानापूरचं घर विकून पुरणार नाही.

वचनाच्या कार्डांबद्दल एक. ३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये एकेक वचन छापलेली कार्डं वाटतात आणि यिर्मया संदेष्ट्याच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन हमखास कुणाच्या तरी वाट्याला येतं, देवाच्या मनात आपल्यासाठी हिताचे संकल्प आहेत म्हणून. कार्ड ठेवा पाकिटात, पण घरी जाऊन अख्खा अध्याय वाचा. ते बाबेलात कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं पत्र आहे. एक वचन आधी सत्तर वर्षांची मुदत दिलीय. त्याच्याही आधी सांगितलंय, घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं हित बघा. पुण्या-बेंगळुरात नोकरीला गेलेल्या आमच्या पोरांना मी पत्राचा हा भाग पाठवतो.

रीतसर शिकायचं असेल तर मंगळुरूला कर्नाटक थिऑलॉजिकल कॉलेज आहे, पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. नोकरी सांभाळून करायचं तर धर्मशिक्षणाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटचे बाहेरून करायचे अभ्यासक्रम आहेत. माझं स्वतःचं दोनदा ठरलं आणि दोनदा रताळ्याचा हंगाम आडवा आला.

पुढच्या गुरुवारी नहेम्याचा पाचवा अध्याय आहे. दुष्काळात लोकांनी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकलीत आणि यहुदी लोकांचा अधिकारी नहेम्या सावकारांना भर सभेत शेकड्याचं व्याज सोडायला लावतो. भिशीवाल्या वहिनींनी आत्ताच कळवलंय, त्या दिवशी त्यांना पाहुण्यांकडं जायचंय.