शाळेच्या ग्राउंडवर पोट्ट्यांना हेलियम बनवून दाखवायचं कसं

आमच्याकडच्या पोट्ट्यांना विश्वाचा जन्म म्हटलं की वाटते सगळं जिनिंग-प्रेसिंगमधल्या गाठीवानी दाबून भरलेलं होतं अन् त्या दाबातच लोखंड, सोनं, कार्बन एका झटक्यात बनलं. तसं झालं नाही, अन् काहून झालं नाही हे फळ्यावर सांगून डोक्यात बसत नाही, म्हणून मी खेळ घेतो, तुम्ही पण घेऊन पाहा.

16 पोट्टे घ्या, घरोघरचे दुपट्टे डोळ्यावर बांधायला, अन् एक लांब दोर. उन्हाळ्यात ऊन कललं की मगच घ्या, नाहीतर एखादा चक्कर येऊन पडायचा. 2 जणांच्या मनगटाला लाल फीत बांधा, ते न्यूट्रॉन, बाकीचे 14 प्रोटॉन (हे कण जुळूनच अणूचं केंद्र बनते). विश्व साधारण 1 सेकंदाचं होतं तवा 6 प्रोटॉनमागे 1 न्यूट्रॉन होता, पण मोकळा न्यूट्रॉन टिकत नाही, 10 मिनिटांत अर्धे मोडून प्रोटॉन होतात, म्हणून 3 मिनिटांच्या सुमारास हिशोब 7 ला 1 वर आला.

पहिला डाव दोराच्या लहान गोलात. आणखी 4 चपळ पोट्टे घ्या, डोळे उघडे, ते म्हणजे प्रकाश. प्रोटॉन-न्यूट्रॉननं हात धरला की प्रकाशानं लगेच सोडवायचा. खऱ्या विश्वात एका कणामागे प्रकाशाचे 100 कोटींच्या वर कण होते, म्हणून टेंपरेचर 100 कोटी डिग्रीच्या आसपास उतरेपर्यंत जोडी टिकतच नव्हती.

आता दुसरा डाव, दोर सैल करत जा अन् प्रकाशवाल्यांना हळू चालायला सांगा, कारण विश्व ताणलं की प्रकाशही ताणून कमजोर होते. अंतर दुप्पट झालं की टेंपरेचर अर्धं होते पण कणांची दाटी आठवा हिस्सा होते (ग्राउंडवर पाव दिसते, ग्राउंड सपाट आहे ना). आता जोड्या टिकतात, दोन जोड्या भेटल्या की 4 जणांचं हेलियम. 16 पैकी 4, म्हणजे 25 टक्के, अन् आकाशातल्या जुन्यातल्या जुन्या गॅसमध्ये वजनानं जवळपास तेवढंच हेलियम सापडते! हे सांगताना मला अजूनही भरून येते.

इथं थांबा अन् विचारा, तवा माल किती दाट होता? सगळे गाठ म्हणतात. खरं म्हणजे त्या वेळी प्रोटॉन-न्यूट्रॉनचा माल आपण श्वास घेतो त्या हवेपेक्षा 50-60 पट विरळ होता, पिंजलेल्या कापसाहूनही कितीतरी हलका. प्रकाशाचं वजन धरलं तर पाण्यापेक्षा जड भरते, पण प्रकाशाची अणुकेंद्रं बनत नाहीत. दाटी होती तवा उष्णता जोडू देत नव्हती, उष्णता उतरली तवर दाटी गेलेली.

तिसरा डाव कार्बनचा. 12 जणांचे 3 हेलियम करा, दोर पूर्ण पसरवा. नियम असा, दोन हेलियम चिकटले की "एक" म्हणायच्या आत तिसरा येऊन भिडला पाहिजे, नाहीतर सुटायचं, कारण 8 कणांचं केंद्र टिकतच नाही, 5 चं पण नाही. गर्दी अर्धी झाली की दोघांची गाठ पडणं पावावर येते अन् तिघांची आठव्या हिश्शावर, यात्रा उठल्यावर तीन ओळखीचे एकाच जागी भेटतील का? मग दोर एकदम आवळा, धडाधड भिडतात. तो म्हातारा तारा: 10 कोटी डिग्री, पाण्याच्या हजारो पट दाटी अन् वर भरपूर वेळ. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलनं 1953 मध्ये सांगितलं होतं की यासाठी कार्बनच्या केंद्रात एक खास ऊर्जापातळी (केंद्रानं ऊर्जा धरायची ठरावीक पायरी) असलीच पाहिजे, अन् अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या लॅबमध्ये ती सापडली. वावरातल्या तुरीतला कार्बन असा ताऱ्यातून आलेला आहे.

एक गोष्ट मात्र वहीत लिहायला लावा. दुसऱ्या डावात कधीकधी दोन जोड्या एकमेकींना सापडतच नाहीत, तशाच उरतात, ते ड्युटेरियम, म्हणजे एक प्रोटॉन-एक न्यूट्रॉनवालं जड हायड्रोजन. विश्वात ते 10 लाख हायड्रोजनमागे साधारण 25 उरलं, अन् त्यावरूनच तेव्हाची दाटी मोजतात. दहा डाव सैल दोरानं खेळा, दहा जरा आवळून, अन् उरलेल्या जोड्या मोजा, आवळलेल्यात कमी निघतील.