ढग दाटले की आधी खाद्य थांबवा: मत्स्यतळ्यासाठी पावसाळी सल्ला

सलग दोन दिवस ऊन पडले नसेल तर आज संध्याकाळचे खाद्य टाकू नका. पुढचे सवडीने वाचले तरी चालेल, एवढे मात्र आत्ताच करा. पावसाळ्यात एका रात्रीत अख्खे तळे मरते, तेव्हा ताज्या मेलेल्या चार-पाच माशांची पोटे चिरून पाहा. बऱ्याचदा ती खाद्याने गच्च भरलेली असतात. दोष रोगाला दिला जातो, बोटुकलीला (तळ्यात सोडलेल्या बोटभर पिलांना) दिला जातो, कोणीतरी विष टाकल्याचा संशय घेतला जातो. आदल्या संध्याकाळच्या खाद्याची आठवण कोणी काढत नाही.

श्वास घ्यायला पाणी फार गरीब आहे. एक लिटर हवेत साधारण २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या लिटरभर गोड्या पाण्यात जेमतेम पाच-सहा. शिवाय पाणी हवेच्या सुमारे आठशे पट जड. ते तोंडातून घेऊन कल्ल्यांवरून ढकलत राहण्यातच माशाची ताकद खर्च होते. कल्ल्यांत रक्त आणि पाणी उलट दिशांनी वाहतात, म्हणून मासा पाण्यातला बराचसा प्राणवायू ओढून घेऊ शकतो. पण खाल्ल्यावर पचनासाठी त्याची गरज वाढते आणि कित्येक तास चढलेली राहते. संध्याकाळी सहाला खाल्लेल्या माशाची ओढ रात्रभर टिकते. नेमक्या त्याच वेळी पाण्यातला साठा उतरत असतो, कारण अंधारात हिरवे शेवाळही प्राणवायू देत नाही, घेते. दुपारी तीनच्या सुमारास तो सर्वांत जास्त, पहाट फुटण्याआधी सर्वांत कमी. ढगाळ दिवशी दुपारची भरपाईच होत नाही, आणि तिसऱ्या पहाटेला तळे कोरडे पडते, पाणी काठोकाठ असूनही.

हिशोब मांडून पाहा. एक एकर, दीड मीटर खोल तळे म्हणजे सुमारे ६,००० घनमीटर पाणी. लिटरला ५ मिलिग्रॅम धरले तर एकूण साठा ३० किलो प्राणवायू. तळ्यात १,५०० किलो मासे असतील तर ३ टक्क्यांनी रोजचे खाद्य ४५ किलो. एक किलो खाद्य माशांच्या पोटात पचून आणि उरलेले, विष्ठेतून गेलेले तळाशी कुजून संपेपर्यंत जवळपास किलोभर प्राणवायू खाते. उन्हाच्या दिवशी शेवाळ हे भरून काढते. ढगांत कोण काढणार? एक अश्वशक्तीचा पॅडलव्हील एरेटर (चाकाने पाणी उडवून त्यात हवा मिसळणारे यंत्र) तळ्यात तासाला साधारण किलोभर देतो, रात्रीचे आठ तास म्हणजे आठ किलो. संध्याकाळचे वीस किलो खाद्य न टाकल्याने त्याहून जास्त वाचते, आणि त्याला वीजही लागत नाही.

मासे उपाशी राहतील ही भीती मनातून काढा. मासा थंड रक्ताचा, अंगाची ऊब टिकवायला त्याला अन्न जाळावे लागत नाही. दोन-तीन दिवसांच्या उपासाने वजनात दिसण्याजोगा फरक पडत नाही.

आता न मेलेल्या माशांचे. प्राणवायू कमी पडला की माशाच्या रक्तात ॲड्रेनलिन उसळते, कल्ल्यांत जास्त रक्त धावते, कल्ल्यांचे पडदे सैल होतात. श्वास सुधारतो, पण त्याच वाटेने गोडे पाणी अंगात शिरते आणि रक्तातले मीठ बाहेर झिरपते. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. म्हणून पहाटे तगलेले मासे आठ-दहा दिवसांनी लाल चट्टे, सडलेले पर घेऊन वर येतात. तेव्हा औषधाची बाटली विकत घेतली जाते. खरी चूक मागच्या आठवड्यातल्या खाद्याची असते.

पहाटे चार ते सहा या वेळात बॅटरी घेऊन काठाने फिरा. मासे तोंड वर काढून पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा चोखत असतील तर समजा, खाली काही उरलेले नाही. हवेला लागलेल्या त्या पातळ थरातच थोडा प्राणवायू असतो. मागूर हा मिशाळ मासा मुळातच हवा घ्यायला वर येतो, त्याच्यावरून अंदाज बांधू नका. मोठे मासे आधी मेले आणि बारीक तगले तर प्राणवायूचीच शंका धरा. प्राणवायू मोजणारा मीटर असेल तर लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर ठीक, ३ च्या खाली खाद्य पूर्ण बंद, २ च्या खाली धावपळ. मापात न बसणाऱ्या पण उपयोगी पडणाऱ्या खुणाही आहेत: गोगलगाई काठाच्या गवतावर चढतात, कोळंबी कडेला येते, काठीने ढवळलेला फेस लवकर फुटत नाही, हिरवे पाणी अचानक तपकिरी-राखाडी होते. ही शेवटची खूण दिसली तर मीटरचीही वाट पाहू नका, शेवाळ मेले आहे.

मासे वर आल्यावर एरेटर लगेच लावा. नसेल तर पंपाने तळ्यातलेच वरच्या थरातले पाणी उचलून उंचावरून फळीवर किंवा जाळीवर आपटून परत सोडा. विहिरीचे पाणी तसेच आत सोडू नका, त्यातही प्राणवायू कमी असू शकतो, तेही आपटूनच. तळाचा गाळ हलू देऊ नका. त्या वेळी चुना, शेण, पोटॅशियम परमँगनेट काहीही टाकायचे नाही. परमँगनेटने उरलेले शेवाळ मरते. चुन्याने सामू (पाण्याचा pH) चढतो आणि अमोनिया विषारी होतो: ३० अंशांवर सामू ७ असताना एक टक्क्याहून कमी अमोनिया विषारी रूपात असतो, ९ ला जवळपास निम्मा.

प्राणवायूच्या गोळ्या खपवल्या जातात. त्यातले सोडियम परकार्बोनेट वजनाच्या साधारण १३ ते १५ टक्के प्राणवायू देते. वरच्याच तळ्यात पातळी लिटरला फक्त १ मिलिग्रॅम वाढवायला ६ किलो प्राणवायू हवा, म्हणजे चाळीस किलो तरी गोळ्या. शिवाय सामू वाढतो तो वेगळाच. माशांचा घोळका एका कोपऱ्यात जमला असेल तर तेवढ्यापुरत्या टाका, अन्यथा तोच पैसा पंपाच्या डिझेलला ठेवा.

नेहमीची कामे:
- पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती दिसेनाशी होते ती खोली, म्हणजे पारदर्शकता, दर आठवड्याला. २५ ते ४० सेंटिमीटर ठीक, २० च्या खाली शेणखत व रासायनिक खत बंद.
- चुनखडी भुकटी सामू पाहून एकरी ५० ते १०० किलो, उन्हाच्या सकाळीच.
- जाळे ओढण्याआधी २४ तास खाद्य बंद.
- वाहतुकीच्या पाण्यात हजार लिटरला ३ ते ५ किलो साधे मीठ.
- बोटुकलीच्या पिशव्या १५ ते २० मिनिटे तरंगत ठेवून मगच सोडणे.
- जोरदार पावसानंतर त्याच रात्री एरेटर. थंड पाणी खाली बसून तळाचे कुजके पाणी वर येते.

ऊन पडले म्हणून लगेच पूर्ण खाद्य नको. पहिल्या उन्हाच्या दिवशी दुपारी बारानंतर तिसरा हिस्सा टाका आणि अर्ध्या तासाने चेक ट्रे (खाद्य उरले का ते पाहायला पाण्यात ठेवलेले ताट) उचलून पाहा. ट्रेमध्ये उरले असेल तर दुसऱ्या दिवशीही तेवढेच. दोन पहाटा मासे वर आले नाहीत की निम्मे, मग पूर्ण. मासे वर आल्यापासून निदान पाच दिवस जाळे टाकू नका, आणि दोन आठवडे रोज काही मासे पकडून कल्ले व अंगावरचे चट्टे तपासा.